सोसायटीचं खत, धसईची खाचरं आणि दादाचा राब: मातीत कार्बन धरायचा तर सुरुवात कुठून करू?

माहेर_धसई (कोलशेत, ठाणे) · १४ मार्च, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे. पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच लिहिते.

आमच्या सोसायटीत २१२ घरं आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा आपल्या आवारातच जिरवायचा असं आलं, तेव्हा आम्ही खताचे हौद बांधले आणि ते काम माझ्याकडे आलं. पहिले सहा महिने वास, अळ्या, शेजाऱ्यांची बोलणी, सगळं सोसलं. आता खत उत्तम होतं. महिन्याला सातशे किलोच्या आसपास निघतं. बागेला शंभर किलो पुरे होतं, बाकीच्या गोण्या पार्किंगमध्ये रचलेल्या असतात आणि कमिटीच्या दर मीटिंगला त्यांचाच विषय.

माझं माहेर मुरबाड तालुक्यात धसईजवळ. दादाकडे साडेतीन एकर. दोन एकर भाताची खाचरं, उरलेली डोंगराच्या अंगाची वरकस. मी लहान असताना त्या वरकसात नाचणी, वरी आणि खुरासणी असायची. दसऱ्याच्या सुमाराला खुरासणी फुलली की आख्खा उतार पिवळा व्हायचा. खाचरांच्या बांधावर तूर आणि उडीद. भात कापून झाला की त्याच ओलाव्यावर आई वाल टाकायची, आणि फेब्रुवारीत आम्ही शाळेतून येऊन शेंगा सोलत बसायचो.

आता वरकस पडीक आहे आणि तिथे दरवर्षी वणवा लागतो. खाचरात फक्त पावसाळी भात. दिवाळीनंतर गुरं मोकाट सुटतात, म्हणून कोणी काही पेरत नाही. गावातली तरणी मुलं भिवंडीच्या गोदामांत जातात. रस्त्याच्या कडेला प्लॉटिंगच्या पाट्या लागल्यात. दादाच्या शेजारच्या दोघांनी विकायचं ठरवलं होतं, सध्या थांबलेत.

माझ्या मनात असं आहे. दादा आणि त्याच्या शेजारचे दहा जण मिळून जवळपास चाळीस एकर सलग जमीन होते, खाली ओढा ते वर डोंगराचा माथा. सातबारे अकरा असले तरी आखणी एकच करायची. ओढ्याच्या काठाला काय, खाचरात काय, बांधावर काय, परसात काय, वरकसात काय, हे एकदा कागदावर मांडायचं. जमिनीला विश्रांती, माती झाकलेली, नांगर कमी, झाडं जास्त, गुरांचं शेण परत शेतात. हवेतला कार्बन पिकांनी ओढायचा आणि तो मातीत राहील असं बघायचं. आणि जे पिकेल ते ठाण्यात यायचं. सोसायटीतल्या ३८ घरांनी वर्षभर तांदूळ, कडधान्य आणि भाजी घेऊ असं लिहून दिलंय. जाताना टेम्पोत खत, येताना धान्य. जमीन विकत घ्यायचा प्रश्नच नाही. कूळ कायद्याच्या ६३ कलमामुळे बिगरशेतकऱ्याला ती घेता येत नाही, आणि येत असती तरी मला ती दादाच्याच नावावर हवी आहे.

आता अडचण. दादा राब सोडायला तयार नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एप्रिल-मे मध्ये रोपांच्या जागेवर शेणाचा थर, त्यावर ऐनाचा टहाळ, पालापाचोळा, गवत, वरून माती असं रचतात आणि पेटवतात. त्या राखेत पहिल्या पावसाला भात पेरतात. माझ्या डोळ्यांसमोर शेण जळतं, पाला जळतो, ऐनाची झाडं खराट्यासारखी उभी राहतात. जे मातीत जायला हवं तेच धूर होऊन वर जातं. मागच्या रविवारी मी हे बोलले तर दादा म्हणाला, "तुझ्या कार्बनला माझ्या रोपातलं तण काढायला पाठव." वहिनी आत निघून गेली आणि मी शेवटच्या एसटीने परत आले. तेव्हापासून त्याचा फोन नाही.

तर मला हे विचारायचं आहे. या सगळ्यात आधी काय धरायचं, राब, भात की वरकसातली झाडं? आमच्या खताने मातीतला कार्बन खरंच वाढेल का, आणि वाढला हे कळणार कसं? महिन्यापूर्वी एका कंपनीचा माणूस गावात येऊन वीस वर्षांचा कार्बनचा करार (शेतात कार्बन धरून ठेवल्याबद्दल पैसे देण्याचा) दाखवून गेला. करार इंग्रजीत होता. दादाने सही केली नाही, पण दोघांनी केली. अनुभवी माणसांनी कृपया सविस्तर सांगा.

माती_तपासनीस (बदलापूर) · १५ मार्च, सकाळी ७:१०

ताई, मी मातीपरीक्षण प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. आधी हिशेब मांडतो, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील.

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. वरचा १५ सेंटिमीटरचा थर धरा, घनमीटरला १.३ टन वजन धरा, तर एकरी माती ७९० टनांच्या आसपास भरते. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतला सेंद्रिय कार्बन, ०.१ टक्क्याने वाढला, म्हणजे समजा ०.६ चा ०.७ झाला, तर सुमारे ८०० किलो कार्बन मातीत आला. त्याला ३.६७ ने गुणलं की जवळजवळ २.९ टन कार्बन डायऑक्साइड. आकडा छोटा नाही, पण ही ०.१ टक्क्याची वाढ मिळायला काही वर्षं जातात.

आता तुमचं खत. बागेचं वजा करून वर्षाला सात टन शेतात जाईल. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कंपोस्टमध्ये किमान १२ टक्के सेंद्रिय कार्बन हवा. म्हणजे वर्षाला आठ-नऊशे किलो कार्बन, तोही चाळीस एकरांवर पसरणार, आणि आपल्या उष्ण दमट हवेत त्यातला बराचसा जंतू खाऊन पुन्हा हवेत सोडणार. शिवाय हे लक्षात घ्या की तो कार्बन धसईच्या शेताने ओढलेला नाही. तो नाशिकच्या, जुन्नरच्या शेतांनी ओढला आणि भाजीच्या देठांतून ठाण्यात आला. तुम्ही तो फक्त जागेवरून हलवताय. कचरा डम्पिंगवर सडून त्याचा मिथेन झाला असता तो टळला, हा तुमच्या हौदांचा खरा फायदा, आणि तो मोठा आहे. खत घाला, मातीला जीव येईल. पण कार्बनचा भार त्याच्यावर टाकू नका.

नवा कार्बन मुळांतून येतो. पान हवेतून घेतं, त्याचा मोठा वाटा खाली मुळांना पोचतो. मुळं मातीत गोड स्राव सोडतात, त्यावर बुरशी आणि जंतू जगतात, आणि ते मेले की त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना धरून बसतात. टिकतो तो हा. म्हणून मी कुठल्याही शेतकऱ्याला आधी एवढंच विचारतो की वर्षातले किती महिने तुमच्या जमिनीत जिवंत मूळ असतं? दादांच्या खाचरात जून ते ऑक्टोबर, पाच महिने. उरलेले सात महिने माती उघडी, उन्हात तापलेली, गुरांच्या खुरांनी तुडवलेली. तुमच्या आखणीतली सगळ्यात मोठी जागा हे सात महिने आहेत. राब त्यापुढे लहान आहे. एकराला चारच गुंठे राब लागतो.

मोजणीचं सांगतो. मे महिन्यात, पेरणीआधी नमुने घ्या. प्रत्येक शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, त्याच्या कडेची १५ सेंटिमीटरपर्यंतची माती, सगळी एकत्र करून चार भाग करत अर्धा किलो उरवायची. बांधाजवळ, झाडाखाली, शेणखताच्या ढिगाजवळ नमुना घेऊ नका. मृदा आरोग्य पत्रिकेत जे १२ घटक असतात त्यांत सेंद्रिय कर्ब असतोच. जागा दगड पुरून खुणावून ठेवा आणि तीन-चार वर्षांनी त्याच जागी, त्याच महिन्यात, त्याच खोलीला पुन्हा घ्या. दरवर्षी तपासलंत तर आकडा कधी वर कधी खाली दिसेल आणि उगीच वाद होतील. मातीची घनता काढायला ठरलेल्या मापाचं लोखंडी नळकांडं ठोकून आतली माती वाळवून तोलतात. माझ्याकडे एक आहे, मी देईन.

भाताबद्दल आणखी एक. साचलेल्या पाण्यात हवा नसते, तिथे मिथेन तयार होतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७ पट तापवतो. म्हणून भाताचं पाणी मधून मधून सुकू देतात. पण मुरबाडच्या पावसात जुलैत खाचर सुकवा म्हणणं चूक आहे. वरच्या पायरीच्या खाचरांत सप्टेंबरमध्ये जमेल तेवढं करा.

करारावर ज्यांनी सही केली त्यांना तो मराठीत लिहून मागायला सांगा. वणवा लागला किंवा मुलाने जमीन विकली तर जबाबदारी कोणाची, हे त्यात काय लिहिलंय ते आधी बघा.

माहेर_धसई · १५ मार्च, रात्री ९:३०

काका, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. पहिल्या वेळी वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या खतासाठी झटले ते "जागेवरून हलवणं" आहे हे वाचून. पण तुम्ही बरोबर आहात आणि मला हे आत्ता कळलं हे चांगलं झालं.

सात महिन्यांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. आई वाल टाकायची तेव्हा कार्बन कोणाला माहीत नव्हता, पण फेब्रुवारीपर्यंत खाचर हिरवं असायचं.

टेम्पोचा हिशेब मीही केला. येऊन-जाऊन दीडशे किलोमीटर, लिटरला दहा किलोमीटर धरले तर १५ लिटर डिझेल. एक लिटर जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे फेरीला ४० किलो, वर्षाला बारा फेऱ्यांचे ४८० किलो. महिन्याला एकच फेरी, तीही दोन्हीकडून भरलेली, हे मी पक्कं केलं.

खताबद्दल एक कबूल करते. गेल्या महिन्यात दहा गोण्या दादाकडे पाठवल्या होत्या. त्यात दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे निघाले, नखाएवढे. वहिनीने ते वेचून एका डब्यात ठेवले आणि मला दाखवले. आता आम्ही खत दोनदा चाळतो, आणि पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका अशी चिठ्ठी प्रत्येक दाराला लावली आहे.

डोळखांबकर (शहापूर) · १६ मार्च, दुपारी १:२०

ताई, मी तुमच्या शेजारच्या तालुक्यातला. शेती वडिलोपार्जित, चार एकर भात. सहा वर्षं झाली, नांगर आणि चिखलणी बंद केली. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी जी पद्धत बसवली, सगुणा राइस टेक्निक, आपल्याकडे एसआरटी म्हणतात, ती करतो. एकदाच गादीवाफे काढायचे आणि मग ते मोडायचे नाहीत. लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. लावणी नाही. लावणी नाही म्हणजे रोपवाटिका नाही, आणि रोपवाटिका नाही म्हणजे राब नाही. भात कापला की मुळं जमिनीतच ठेवायची, उपटायची नाहीत. ती तिथे कुजतात, त्यांच्या वाटांनी पाणी आणि हवा खाली जाते. तिसऱ्या वर्षी माझ्या वाफ्यांवर गांडुळांच्या विष्ठेचा खच पडला, तो बघायला सासरे वाशिंदहून आले होते.

पण लपवत नाही. पहिल्या वर्षी तणाने मला रडवलं. या पद्धतीत तण मारायला ग्लायफोसेट वापरतात, आणि ज्यांना रसायन नको त्यांची इथे अडचण होते. मी पहिली तीन वर्षं फवारलं. नंतर भात कापल्या कापल्या वाल आणि हरभरा टोकायला लागलो, पेंढ्याचा काही भाग वाफ्यावर पसरायला लागलो, तसं तण कमी झालं आणि आता दोन एकरांत फवारणी नाही. उरलेल्या दोन एकरांत अजून करावी लागते. तुमच्या ३८ घरांना हे आधीच सांगा. मागाहून कळलं तर विश्वास जातो.

दादांना एकदम एसआरटी सांगू नका. राब म्हणजे त्यांची खोडी नाही. आगीने तणाचं बी मरतं, पालाश मिळतं, माती भुसभुशीत होते आणि रोप उपटताना मूळ तुटत नाही. लावणीच्या दिवसांत मजूर मिळत नसताना याची किंमत ज्याला उपटायचंय त्यालाच कळते. राबाच्या टहाळावरून ठाणे-कुलाब्याचे शेतकरी इंग्रजांच्या वनखात्याशी इतके झगडले की १८८५ साली मुंबई सरकारला कमिशन नेमावं लागलं. तेव्हा ज्या गोष्टीसाठी आपले पणजोबा भांडले ती तुम्ही रविवारी येऊन बंद करा म्हणालात तर माणूस चिडणारच. रागावू नका.

त्यापेक्षा भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतलं एक सूत्र दाखवा. भातगिरणीत तूस मिळतो, तो पूर्ण पांढरा होईपर्यंत न जाळता काळा असतानाच विझवायचा. ती काळी राख गादीवाफ्यावर मातीत मिसळायची आणि त्यावर रोप करायचं. त्यातून सिलिका मिळते, रोप ताठ होतं, खोडकिडा कमी लागतो आणि उपटायलाही सोपं. काळ्या राखेतला कोळसा मातीत फार वर्षं टिकतो, म्हणजे तुमचंही काम झालं. दोनच गुंठ्यांत करू द्या आणि बाकी राब राहू द्या. ऑगस्टमध्ये दोन्ही रोपांचं भात शेजारी शेजारी उभं असेल, ते दादा स्वतः बघतील.

दुसरं, बांधावर गिरिपुष्प लावा. जूनमध्ये मनगटाएवढ्या जाड फांद्या रोवल्या की फुटतात. त्याचा पाला हेक्टरी तीन टनांपर्यंत खाचरात घालतात, नत्र मिळतं. आणि पाला बांधावरच मिळाला तर ऐनाला हात लावायला नको.

वरकसात झाडं जरूर लावा, पण आधी जाळरेषा. डिसेंबर-जानेवारीतच माथ्यावरचं गवत कापून पट्टा मोकळा केला नाही तर तीन वर्षं जपलेली कलमं एका दुपारी जातात. माझी साठ काजूची कलमं गेली आहेत. जव्हारकडे बाएफ या संस्थेने आदिवासी कुटुंबांबरोबर उभ्या केलेल्या वाड्या बघून या. एकराच्या आत आंबा आणि काजू, कडेने वनझाडांचं कुंपण, मधल्या जागेत भात, नाचणी, भाजी. आंबा धरेपर्यंत मधली जागा घर चालवते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर तुमची आखणी टिकेल किंवा मोडेल: गुरं. मातीवाल्या काकांनी सात महिने सांगितले ते सोळा आणे खरं. पण वाल तुम्ही एकट्याने पेरला तर चार दिवसांत गुरं साफ करतील. आम्हाला हे गावकीत ठरवावं लागलं. पूर्वी दिवाळीला गुरं सुटायची, आता शिमग्यापर्यंत गुराखी राखतो. वाल नोव्हेंबरात पेरला तर तोवर निघतो. दोन वर्षं त्यावर भांडणं झाली. कागदावर रंगीत नकाशा काढण्याआधी गुरं कोणाची, किती, आणि पाच महिने चरणार कुठे, हे लिहून काढा.

घोडबंदरची_ताई (ठाणे) · १६ मार्च, रात्री ८:०५

आमच्या सोसायटीलाही यात यायला आवडेल. एकच विचारते, नुसता तांदूळ आणि आंबा मिळणार असेल तर ते कुठेही मिळतं. आम्हाला कडवे वाल, कुळीथ, नाचणी, वरीचे तांदूळ हवेत. पावसाळ्यात शेवळी, कंटोळी, फोडशी, कुरडू, भारंगी मिळाली तर सोन्याहून पिवळं. माझ्या सासूबाई शेवळीसाठी जूनमध्ये स्टेशनबाहेर बसणाऱ्या आदिवासी बायकांची वाट बघतात. ही भाजी नांगर न लावलेल्या जागेतच उगवते ना? मग वरकसाचा एखादा तुकडा तिच्यासाठीच सोडा.

खाडीकाठचा (ऐरोली) · १७ मार्च, सकाळी ६:४०

ताई, मी दिवा गावचा, ऐरोलीतला. आमची शेती राहिली नाही. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली, त्यात आमची खाजणंही गेली. तरी लिहितो, कारण डोळखांबकर गुरांबद्दल जे म्हणाले ते आमच्याकडे खाऱ्या पाण्याबद्दल खरं होतं.

खाजण म्हणजे खाडीला बांध घालून राखलेली भातजमीन. बांधाच्या आत पाच-पंचवीस जणांची शेतं. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली तर ज्याच्या शेतासमोर पडली त्याचंच शेत जात नव्हतं, सगळ्यांच्या शेतात खारं पाणी शिरायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं पीक नाही. म्हणून अमावास्या-पुनवेला बारी लागायची. माझा आजा कंदील घेऊन बांधावर बसायचा. कोणी बारी चुकवली तर त्याला गावकीचा दंड. तांबडा भात पिकायचा, खत लागायचं नाही, आणि उघाडीतून पाणी सोडताना जाळं लावलं की बोईट, जिताडा मिळायचा. एकाच जमिनीतून भात आणि मासळी.

शेती गेली, बारी देणारं कोणी राहिलं नाही, बांध फुटले आणि तिथे तिवरं उगवली. आज तीच तिवरं खाडी राखतात. त्यांच्या चिखलात हवा जात नाही, म्हणून पाला आणि मुळं फार सावकाश कुजतात, कार्बन शेकडो वर्षं दबून राहतो. ठाणे खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ ला रामसर यादीत गेली. हे मी आनंदाने सांगतो, पण आजाचं शेत गेल्याचं दुःखही तेवढंच आहे.

तुमच्या आखणीत ओढा आहे हे बरं केलंत. मुरबाडचं पाणी काळू नदीतून उल्हासला आणि पुढे खाडीला येतं. वणव्यानंतर पहिल्या पावसात तुमच्या डोंगराची जी माती वाहते ती खाली खाडीत गाळ होऊन बसते. म्हणून ओढ्याच्या काठचे दहा-दहा हात नांगराला देऊ नका. बांबू, करंज, उंबर, जे आपलं आपण येईल ते येऊ द्या.

तुमच्या दादाला एवढंच विचारा की गावात अजून गावकी बसते का? बसत असेल तर तिथून सुरू करा. आणि दहा किलो वाल माझ्या नावाने लिहा.

माहेर_धसई · १८ मार्च, रात्री ११:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. मी नकाशा रंगवत बसले होते, हिरवा रंग डोंगराला, निळा ओढ्याला. तो बाजूला ठेवलाय. शनिवारी गावी जाते. दादाला फोन केला. राबाबद्दल मी बोलले त्याची माफी मागितली आणि डोळखांबकरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुसाची राख कुठल्या गिरणीत मिळते ते विचार."

माहेर_धसई · ११ मे, रात्री १०:२०

जवळपास दोन महिन्यांनी लिहिते आहे, कारण सांगण्यासारखं काही हातात यायला एवढा वेळ लागला.

गावकी देवळात तीनदा बसली. पहिल्या वेळी मी खताबद्दल आणि कार्बनबद्दल बोलले, लोकांनी ऐकून घेतलं आणि उठून गेले. दुसऱ्या वेळी मी फक्त विचारलं की गुरं शिमग्यापर्यंत राखायला काय लागेल. त्यावर तीन तास चर्चा झाली. अकरा घरांत मिळून ४३ गुरं आणि दोन घरांच्या शेळ्या. शेळ्यावाली एक बाई एकटी आहे, तिचं घर त्या नऊ शेळ्यांवर चालतं. ती सरळ म्हणाली, "वाल तुमचा, उपास माझ्या शेळ्यांचा." तिचं म्हणणं खरं होतं. आखणीत तिच्यासाठी काहीच नव्हतं.

तिसऱ्या बैठकीत असं ठरलं. नोव्हेंबर ते मार्च पाच महिने पगारी गुराखी. गुरं वरच्या पडीक पट्ट्यात चरतील. तिथे चराई झाली की गवत कमी राहतं, वणव्याचीही धार कमी होईल. रात्री गुरं आळीपाळीने खाचरांत बसवायची, म्हणजे शेण-मूत जागेवर पडेल, पण वाल नसलेल्या शेतांतच. शेळ्यांसाठी बांधांवरच्या गिरिपुष्पाच्या पाल्यातला वाटा, आणि तो धरेपर्यंत दोन वर्षं सगळ्यांच्या पेंढ्यातून दहावा भाग. तिने पेंढा शेळ्या खात नाहीत हे सांगितलं, तेव्हा तिला पेंढ्याऐवजी तुरीचा भुसा आणि वालाचे वेल द्यायचं ठरलं.

गुराख्याचे महिन्याला नऊ हजार, पाच महिन्यांचे ४५ हजार. हे पैसे गाव देऊ शकत नव्हतं आणि त्यावरच सगळं अडलं होतं. मी ठाण्याला येऊन ३८ घरांची बैठक घेतली. खत, सेंद्रिय, कार्बन यांबद्दल फार न बोलता सांगितलं की प्रत्येकी बाराशे रुपये गुराख्यासाठी हवेत, धान्याचे पैसे वेगळे. एक जण म्हणाला, "भाजीसाठी पैसे समजतात, गुराख्यासाठी कशाला?" मी त्याला काकांचे सात महिने समजावले. ३४ घरांनी त्याच रात्री दिले. उरलेल्या चारांच्या जागी घोडबंदरच्या ताईंनी चार घरं दिली. कोणाचेच पैसे कार्बनसाठी नाहीत, पण ते खाचरं हिरवी ठेवतील.

अकरांपैकी सात जण यंदा वाल आणि हरभरा पेरणार. चार जण बघू म्हणाले. ज्या दोघांनी करारावर सह्या केल्या होत्या त्यांनी मराठी प्रत मागितली आहे, अजून आलेली नाही.

दादाने आठ गुंठ्यांपैकी सहा गुंठे राब भाजला. दोन गुंठ्यांत तुसाची काळी राख टाकायची आहे, ती गोण्यांत भरून पडवीत ठेवली आहे. यंदा ऐनाचं फक्त एक झाड तोडलं, दोन तशीच राखली. हे त्याने मला सांगितलं नाही, वहिनीने दाखवलं.

काल आणि आज मातीचे नमुने घेतले. काकांनी बदलापूरहून नळकांडं आणलं आणि स्वतः आले, उन्हात चार शेतं फिरले. खाचराच्या मधोमध ते ठोकताना वर चार बोटं माती सिमेंटसारखी कडक लागली, खाली चिखलणीचा घट्ट थर. बांधाच्या कडेला, जिथे आईच्या काळापासून कोणी नांगरलं नाही, तिथे तेच नळकांडं हाताच्या दाबाने आत गेलं आणि माती काळी निघाली. दादाने ती दोन्ही ढेकळं उचलून तळहातांवर शेजारी शेजारी धरली आणि बराच वेळ बघत राहिला. खुणेचे दगड त्यानेच पुरले, प्रत्येकावर चुन्याने आकडा घातला.

आता एकच मदत हवी आहे. कडव्या वालाचं गावठी बियाणं ४० किलो लागेल, संकरित नको. पनवेल, पेण, कर्जतकडे कोणाच्या घरी कणगीत राखेत ठेवलेलं असेल तर कळवा. ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे, पण लोक गणपतीपर्यंत उरलेलं बी उसळीला घेतात, म्हणून आत्ताच विचारते आहे.